गॅलरीत ॲटनबरो, आणि शेजारी भाऊ

मुठेकाठचा

मंडळी, परवा रात्री झोप लागेना म्हणून लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या संकेतस्थळावर नावं टाकत बसलो होतो. वेळ घालवायला झकास जागा आहे. नाव टाकलं की त्या माणसाची किती पोर्ट्रेट्स संग्रहात आहेत ते येतं, खाली छोटी छोटी चित्रं. राण्या झाल्या, क्रिकेटवाले झाले, मग टाकलं रिचर्ड ॲटनबरो.

त्याचंच का, ते सांगतो. १९८१ च्या सुरुवातीची गोष्ट, मी सात वर्षांचा. आगाखान पॅलेसमध्ये त्याने दिग्दर्शित केलेल्या 'गांधी' सिनेमाचं शूटिंग चालू असल्याची बातमी आमच्या चाळीत आली. बाबांनी मला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि नगर रस्त्याने नेलं. आत सोडण्याचा प्रश्नच नव्हता. कुंपणाबाहेर बाबांच्या खांद्यावर बसून मी बघत होतो, तर नुसत्या पाठी. गोऱ्या पाठी, काळ्या पाठी, छत्र्या. "डायरेक्टर कुठला हो?" असं विचारलं तर बाबांनी ठणकावून एका टोपीवाल्या जाड्या गोऱ्याकडे बोट केलं. मी चाळीत चार दिवस मिरवलो. बऱ्याच वर्षांनी बाबांनी कबूल केलं, त्यांनाही काही ठाऊक नव्हतं. तो बहुतेक वायरी गुंडाळणारा होता.

तर संकेतस्थळावर काय निघालं? तरुणपणी नट असतानाचे गुळगुळीत फोटो. आणि आयव्ही स्मिथ या चित्रकर्तीने केलेलं एक चित्र, ज्यात रिचर्ड एकटा नाहीच, सोबत धाकटा भाऊ डेव्हिड. हो, तोच, प्राणी-पक्षीवाला.

मला जरा चुकल्यासारखं झालं. राजाच्या पोर्ट्रेटमध्ये मुकुट असतो, सेनापतीच्या हातात तलवार. नटाचा तर चेहराच त्याचं भांडवल. दिग्दर्शकाचं काय दाखवायचं? त्याचा चेहरा कामाला येतच नाही, तो सगळा वेळ पाठमोरा. तुम्हाला कुठल्या दिग्दर्शकाचं असं पोर्ट्रेट आठवतं का, की बघितल्यावर वाटावं, हां, हाच तो?

आळशी_बोका

म्हणजे 'गांधी'वाल्याला ऑस्करनंतरही एकट्याला फ्रेम मिळाली नाही. धाकट्या भावाचं सुख ते हेच. (मी थोरला आहे.)

सोनचाफा

माझ्यासाठी ते कायम 'ज्युरासिक पार्क'मधले डायनासोरवाले आजोबा. पांढरी दाढी, पांढरे कपडे, काठीच्या मुठीत अंबराच्या (गोठलेल्या राळेच्या) खड्यात अडकलेला डास. माझ्या मुलाला सांगितलं की या आजोबांनी 'गांधी' काढला, तर म्हणतो, त्यात डायनासोर आहेत का?

टेम्सतीरी

मी लंडनमध्ये सतरा वर्षं आहे आणि ही गॅलरी ऑफिसपासून चालत पंधरा मिनिटांवर. प्रवेश फुकट, त्यामुळे पावसाळी दुपारचा डबा बऱ्याचदा तिथल्या ओळखीच्या चेहऱ्यांसोबत पचवलाय. (डबा आत खाऊ देत नाहीत, बाहेर उभं राहून खायचा आणि मग आत जायचं.)

मुठेकाठचा, तुम्हाला जे चुकल्यासारखं वाटलं त्याचं मूळ गॅलरीच्या जन्मात आहे. १८५६ साली ती स्थापन झाली तेव्हाच ठरलं, की चित्र किती चांगलं आहे हे दुय्यम, चित्रातला माणूस किती नावाजलेला आहे हे महत्त्वाचं. म्हणजे हा चित्रांचा संग्रह म्हणण्यापेक्षा माणसांचा संग्रह. पहिल्या नोंदीवर शेक्सपिअरचं म्हणून मानलं जाणारं चित्र आहे, आणि ते त्याचंच आहे का यावर अजून वाद चालतात. घ्या!

दुसरा नियम त्याहून गमतीचा. राज्यावर बसलेला राजा किंवा राणी आणि त्यांचा जोडीदार सोडला, तर जिवंत माणसाला प्रवेश नाही. मेल्यावरही दहा वर्षं थांबायचं. हा नियम १९६९ मध्ये सैल झाला. तो तसाच राहिला असता तर २०१४ च्या ऑगस्टमध्ये, एक्याण्णवाव्या वाढदिवसाला पाच दिवस कमी असताना गेलेल्या ॲटनबरोंना २०२४ पर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागलं असतं.

आयव्ही स्मिथने १९८६ ची पोर्ट्रेट स्पर्धा जिंकली होती. ती स्पर्धा गॅलरीच भरवायची आणि विजेत्याला बक्षिसासोबत संग्रहासाठी एक काम मिळायचं. या दोघा भावांचं चित्र तसं आलेलं आहे. तेव्हा "एकट्याला फ्रेम मिळाली नाही" असं काही नाही बोकोबा, दोन्ही भाऊ तेव्हा भलतेच प्रसिद्ध होते.

आणि एक. संग्रहात दोन लाखांच्या वर पोर्ट्रेट्स आहेत, बहुतेक फोटो. भिंतीवर त्यातला अगदी लहान भाग असतो. आलटून पालटून काढतात. कुणाला खास एकच चित्र बघायला यायचं असेल तर ते सध्या लावलंय का हे आधी बघूनच प्रवासाचं तिकीट काढा.

खडूस_काका

स्थापना करणाऱ्यांत मेकॉले होता हे लिहायचं राहिलं का मुद्दाम गाळलंत?

टेम्सतीरी

होता ना! स्टॅनहोप, कार्लाइल आणि मेकॉले. तिघांचे दगडी अर्धपुतळे मुख्य दाराच्या वर आहेत. आपल्याला शाळेत घालणारा तोच मेकॉले. आता २०२३ पासून नवीन प्रवेशद्वार झालंय, त्याच्या ब्राँझच्या दारांवर ट्रेसी एमिनने बायकांचे पंचेचाळीस चेहरे कोरलेत. त्यामुळे मेकॉलेच्या नजरेखालून न जाताही आत जाता येतं.

खडूस_काका

मग येतो पुढच्या उन्हाळ्यात.

पंचगंगा

दिग्दर्शकाचं पोर्ट्रेट म्हणजे त्याने निवडलेली माणसं, असं माझं मत. आणि 'गांधी' म्हटल्यावर आम्हा कोल्हापूरकरांना पहिलं नाव आठवणार ते भानू अथैया. माहेरच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या सिनेमांसाठी काम केलेले. ते भानू लहान असतानाच गेले. मग मुंबई, जेजे, चित्रकलेत सुवर्णपदक, १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपच्या प्रदर्शनात चित्रं. आणि तिथून सिनेमाच्या कपड्यांकडे.

आता विचार करा, गांधींचे कपडे म्हणजे काय काम? सुटाबुटातला बॅरिस्टर, मग आफ्रिकेतला सत्याग्रही, मग काठियावाडी पागोटं, मग पंचा. माणूस एकेक कपडा काढत जातो आणि तसतसा मोठा होत जातो. कपडेवालीने पडद्यावर कमी कमी कपडे दाखवून ऑस्कर मिळवलं (जॉन मोलोसोबत). हे पोर्ट्रेटचंच काम आहे की. चित्रकाराच्या पोरीलाच ते सुचणार. बक्षीस घेताना त्यांनी ॲटनबरोंचे आभार मानले, ते जगाचं लक्ष भारताकडे वळवलं म्हणून. आणि २०१२ मध्ये ती बाहुली त्यांनी अकादमीला परत केली, नीट सांभाळली जाईल म्हणून. हे वाचलं तेव्हा पोटात कालवलं होतं. आपल्याकडे ती ठेवायला एक भिंत नव्हती.

सोनचाफा

पंचगंगा, शेवटच्या वाक्याला शंभर मोदक.

कोळसा_आणि_खोडरबर

पोटापाण्यासाठी पोर्ट्रेट्स करतो (संस्थापक, संस्थापकांचे वडील, सेवानिवृत्त अधिकारी; नाकं सगळ्यांची सरळ करून हवी असतात) म्हणून मधे तोंड घालतो.

दोन माणसांचं पोर्ट्रेट हे एका माणसाच्या दुप्पट अवघड नसतं, चौपट असतं. एकटा माणूस चित्रकाराकडे तरी बघतो नाहीतर खिडकीकडे. दोघे आले की प्रश्न: एकमेकांकडे बघायचं का? बघितलं तर नाटक वाटतं. नाही बघितलं तर भांडण झाल्यासारखं वाटतं. मध्ये किती जागा सोडायची? त्या मधल्या जागेतच नातं असतं. मी एकदा दोन सख्ख्या भावांचं चित्र केलं, अडत्यांचं दुकान होतं. रंग वाळायच्या आत त्यांची वाटणी झाली आणि दोघेही म्हणाले, मला वेगळं करून द्या. कॅनव्हास अजून माझ्याकडे माळ्यावर आहे. पैसे अर्धेच मिळाले.

मुठेकाठचांच्या प्रश्नाबद्दल: दिग्दर्शक हा बसवायला सगळ्यात वाईट गिऱ्हाईक असणार. उजेड कुठून येतोय ते त्याला माझ्याआधी कळणार. हनुवटी किती उचलली की काय दिसतं हे त्याला पाठ. ॲटनबरो तर चाळीस वर्षं नटही होता. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते त्याला दाखवायचं असेल तेवढंच. म्हणून भावाला शेजारी बसवण्याची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते. जगासमोर कितीही अभिनय करा, भाऊ शेजारी असला की माणूस थोडा तरी बारा वर्षांचा होतो.

आळशी_बोका

कोखो, अर्धे पैसे कुठल्या अर्ध्याचे मिळाले?

कोळसा_आणि_खोडरबर

थोरल्याचे. म्हणून तर तुमच्याशी आपुलकी.

सावल्या

कुणी हिचकॉकचं नाव काढलं नाही? दिग्दर्शकाचं पोर्ट्रेट म्हटलं की तोच. आणि त्याला चित्रकार लागलाच नाही! स्वतःच नऊ रेघांत स्वतःला काढून ठेवलं. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, संपलं. १९५५ ला टीव्हीवर मालिका सुरू झाली तेव्हा दर भागाच्या सुरुवातीला ते रेघांचं चित्र दिसायचं, मागे गूनोचं कळसूत्री बाहुलीच्या अंत्ययात्रेचं संगीत, आणि बाजूने त्याची सावली येऊन त्या रेघांत बरोब्बर बसायची. माणूस आपल्याच पोर्ट्रेटमध्ये चालत येतो! १९२० मध्ये सिनेमात आला तो मूकपटांच्या पाट्या रंगवायच्या कामावर, तेव्हा हात होताच.

शिवाय फोटोग्राफरांनाही त्याने कामाला लावलं. फिलिप हाल्समनच्या फोटोत सिगारवर पक्षी बसलाय. आल्बर्ट वॉटसनच्या १९७३ च्या फोटोत तो पिसं काढलेल्या हंसाची मान धरून उभा आहे, गळ्यात नाताळची सजावट बांधलेल्या हंसाची! चेहरा मात्र तोच, मंगळवारच्या बाजारात भाजी घ्यायला आल्यासारखा. (बाप भाजीवालाच होता, लेटनस्टोनला.)

टेम्सतीरी

लेटनस्टोनच्या ट्यूब स्टेशनात त्याच्या सिनेमांची १७ मोझेक चित्रं आहेत. मी दोन वर्षं तिथून गाडी पकडत होतो. सकाळी साडेसातला, डोळे अर्धे मिटलेले, आणि भिंतीवर न्हाणीघरातली किंचाळणारी बाई. रोजची. शेवटी शेवटी मी तिला मनातल्या मनात गुड मॉर्निंग म्हणायला लागलो होतो.

कोळसा_आणि_खोडरबर

सावल्या, नऊ रेघा भन्नाटच, पण ते पोर्ट्रेट नव्हे, शिक्का आहे. दुकानावरची पाटी. त्यात हिचकॉक कुठे आहे? आत काय चाललंय हे कळू नये म्हणून केलेला बंदोबस्त आहे तो.

सावल्या

आणि ज्याने आयुष्यभर बंदोबस्तच केला, त्याचं पोर्ट्रेट म्हणजे तो बंदोबस्तच ना? तुम्ही त्याला बसवून तेलरंगात डोळ्यांतलं पाणी काढलं असतंत तर ते खोटं झालं असतं.

कोळसा_आणि_खोडरबर

हं. हे मला आवडलं नाही, पण उत्तर सुचत नाहीये. जेवून येतो.

दर्यावर्दी

डोळ्यांतल्या पाण्यावरून आठवलं. ऐंशीच्या दशकात ब्रिटिश टीव्हीवर रबरी बाहुल्यांचा एक टवाळ कार्यक्रम लागायचा, त्यात ॲटनबरोची बाहुली होती आणि ती ऊठसूट रडायची. बक्षीस मिळालं रड, बोलायला उभा राहिला रड. खरा माणूसही तसाच हळवा म्हणून प्रसिद्ध होता. मी तेव्हा बोटीवर होतो, आमचा इंग्रज चीफ इंजिनिअर त्या बाहुलीची हुबेहूब नक्कल करायचा. मला अजून ॲटनबरोचा खरा फोटो बघितला की चीफचा चेहरा आधी दिसतो. व्यंगचित्राची ताकद! गॅलरीने अशी बाहुली शेजारी ठेवायला हवी.

निळी_पाटी

धाग्याचा सूर बिघडवायचा नाहीये, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. 'गांधी' हे पोर्ट्रेट आहे असं धरलं, तर त्यातून कोण गाळलंय तेही बघा. तीन तासांहून मोठ्या सिनेमात बाबासाहेब एका प्रसंगातही नाहीत. जिना आहेत, नेहरू, पटेल, गोखले सगळे आहेत. गोलमेज परिषद आहे, पुणे करार नाही. मी हा सिनेमा शाळेत बघितला, आमच्या सगळ्या वर्गाला रांगेने नेलं होतं. घरी येऊन आजोबांना सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "आपले साहेब होते का?" मी म्हणालो नाही. त्यांनी रेडिओ लावला.

ऑस्कर आठ मिळोत की ऐंशी.

खडूस_काका

सिनेमा गांधींवर आहे हो, सगळ्यांनाच कसं घेणार?

निळी_पाटी

काका, सगळ्यांना कुठे म्हणतोय? सिनेमाच्या सुरुवातीलाच ते लिहून टाकतात ना, की एका माणसाचं आयुष्य एका कथनात मावत नाही, भाव खरा ठेवायचा प्रयत्न केलाय. मावत नाही हे मान्य. पण काय मावलं नाही याची यादी पुन्हा पुन्हा तीच निघते, एवढंच.

कोळसा_आणि_खोडरबर

जेवून आलो. निळी_पाटी यांच्याशी सहमत. पोर्ट्रेट करताना पहिला निर्णय असतो की चौकट कुठे तोडायची. खांद्याला तोडलं की हात गेले. हात नकोच होते असं नंतर म्हणता येत नाही, तुम्ही तोडले म्हणून गेले.

टेम्सतीरी

निळी_पाटी, आजोबांचा रेडिओ डोक्यातून जात नाहीये. लंडनमध्ये बाबासाहेबांचा चेहरा बघायचा तर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्धपुतळा आहे आणि किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे ते १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. इकडे आलात तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बरोबर जाऊ.

लेस्टरचा_गणपती

उशिरा आलो. ॲटनबरो आमच्या गावचे! जन्म केंब्रिजचा, पण वडील इथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य, म्हणून पोरं लेस्टरला वाढली. युनिव्हर्सिटीत ॲटनबरो टॉवर आहे, तो वडिलांच्या नावाने, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पोर्ट्रेटसंबंधी खरी गंमत आमच्या न्यू वॉक म्युझियममध्ये आहे. रिचर्ड आणि बायको शीला दोघं दक्षिण फ्रान्सला सुट्टीला जायचे आणि पिकासोने केलेली मातीची भांडी घेऊन यायचे. ताटल्या, सुरया, फरशा. तो संग्रह त्यांनी या म्युझियमला बघायला ठेवला. मी पाहुणे आले की नेतो, कारण एक तर फुकट आणि दुसरं म्हणजे पुरणपोळीनंतर चालणं होतं. त्यात कितीतरी ताटल्यांवर चेहरे आहेत. दोन ठिपके, एक वाकडी रेघ, आणि चेहरा तुमच्याकडे बघतो. माझी सासू एका ताटलीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे आपल्या भोंडल्याच्या हत्तीसारखं आहे, हात न उचलता काढलंय." मला तरी त्याहून चांगलं पिकासोवरचं भाष्य ठाऊक नाही.

म्हणजे बघा, पुढ्यात बसून इतरांनी आपले चेहरे काढावेत असा माणूस सुट्टीत दुसऱ्याने काढलेले चेहरे गोळा करत होता. त्याच्या जेवणाच्या खोलीत कुठलं ताट कुठे लावायचं, हे त्याचं आणखी एक दिग्दर्शन.

आणि 'दोघं भाऊ' म्हणताय, तिसरा जॉनही होता. शिवाय १९३९ मध्ये आईवडिलांनी जर्मनीतून आलेल्या दोन ज्यू मुलींना घरी घेतलं, पुढे त्या घरच्याच झाल्या. चौकट कुठे तोडायची म्हणालात ना कोखो, या घराचं चित्र काढायला भिंतच लागली असती.

पंचगंगा

हा धागा अप्रतिम चाललाय. रच्याकने (म्हणजे बाय द वे), रोहिणी हट्टंगडींचं कुणीच काही लिहिलं नाही? पुण्याच्या, माहेरच्या ओक. तेव्हा जेमतेम तिशीच्या, आणि कस्तुरबा म्हातारपणापर्यंत त्यांनीच केल्या. बाफ्टा मिळालं. आणि गोखल्यांच्या भूमिकेत डॉ. लागू! इंग्रजी सिनेमात आपले गोखले आपल्याच डॉक्टरांनी करावेत, हे मला भलतंच आवडलं होतं.

मुठेकाठचा

धागा काढून दोन दिवस गावाला गेलो तर इथे जत्रा! सगळ्यांचे आभार. निळी_पाटी, तुमच्या प्रतिसादानंतर थोडा वेळ नुसता बसून होतो. मी आगाखान पॅलेसच्या कुंपणाबाहेर खांद्यावर होतो आणि तुम्ही वर्गाच्या रांगेत, सिनेमा एकच.

पंचगंगा, कस्तुरबांची आणि महादेवभाईंची समाधी त्याच आवारात आहे. शूटिंग बघायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं की त्या समाध्याही सिनेमावाल्यांनीच उभ्या केल्यात. बाबांनी डोक्यावर टपली मारली होती.

कोखो, भावाबद्दलचं तुमचं म्हणणं पटतंय. तरी प्रश्न राहतोच. ज्या माणसाने १९६२ मध्ये गांधींवर सिनेमा काढा असं सांगणारा मोतीलाल कोठारींचा फोन आल्यापासून वीस वर्षं एकाच सिनेमाचा ध्यास घेतला, त्यासाठी घर गहाण टाकलं, 'माउसट्रॅप' नाटकातला आपला वाटा विकला, ते वीस वर्षांचं लचांड कुठल्या चित्रात दिसणार? कोठारी तर सिनेमा व्हायच्या आधीच, १९७० मध्ये, गेले.

टेम्सतीरी

एक जागा सुचवतो, गॅलरीबाहेरची. पूर्व लंडनमध्ये बो भागात किंग्जली हॉल आहे. १९३१ ला गोलमेज परिषदेसाठी आले तेव्हा गांधीजी बारा आठवडे तिथे राहिले, हॉटेल नको म्हणून, गरीब वस्तीत. गच्चीवर बारक्या खोल्या आहेत, त्यातल्या एकीत. ती खोली बघितलीय मी. दोन पावलं इकडे, तीन तिकडे, की भिंत. थंडीतले महिने त्या माणसाने तिथे पंचा नेसून काढले, तेही फरशीवर झोपून. मी कोट घालून दहा मिनिटांत कुडकुडलो.

ॲटनबरो शूटिंगसाठी तिथे गेले तेव्हा इमारतीची पार रया गेलेली होती. शूटिंग उरकून ते निघून गेले नाहीत. निधी गोळा करायला पुढे झाले आणि १९८५ मध्ये वास्तू पुन्हा उघडली. मला विचाराल तर त्यांचं पोर्ट्रेट ते छप्पर आहे. गळत नाही.

आळशी_बोका

थांबा थांबा. गांधी राहिले किंग्जली हॉलमध्ये आणि गांधी झाला बेन किंग्जली? आणि आजवर मला हे कुणी सांगितलं नाही?

टेम्सतीरी

निव्वळ योगायोग, नाव त्याने आधीच घेतलं होतं. मूळचा कृष्णा भानजी. बाप गुजराती.

आळशी_बोका

मी योगायोग मानत नाही. हे सगळं मेकॉलेने ठरवलंय.

खडूस_काका

हसून हसून पुरेवाट. आयुष्यात पहिल्यांदा या बोक्याशी सहमत.

संत्र्याची_बर्फी

मी नागपूरची, एरवी नुसती वाचते. पण "पोर्ट्रेटमध्ये कोण आलं, कोण नाही" यावर आमच्या घरचा किस्सा सांगावाच लागेल.

माझे मोठे काका तेव्हा दिल्लीत टपाल खात्यात होते. ३१ जानेवारी १९८१ ला राजपथावर गांधीजींच्या अंत्ययात्रेचं शूटिंग झालं. तीनेक लाख लोक जमले होते, त्यातले बहुतेक आपखुशीने आलेले. काकाही गेले, पांढरा लेंगा-सदरा घालून, आणि ऑफिसमधून कुणाचा तरी गांधी टोपीचा जोड मागून. अकरा कॅमेऱ्यांची पथकं होती. वीस हजार फुटांच्या वर फिल्म खर्ची पडली आणि सिनेमात उरले सव्वादोन मिनिटांपेक्षाही कमी.

काकांचं म्हणणं, त्या सव्वादोन मिनिटांत ते आहेत. आमच्याकडे आधी व्हीसीआर होता, मग सीडी, मग डीव्हीडी, आता फोन. दर दिवाळीला काका येतात, फराळ होतो, आणि सिनेमा लावतात. सुरुवातीलाच आहे तो प्रसंग, त्यामुळे फार थांबावं लागत नाही. मग काका म्हणतात, "थांबव! मागं घे. जरासक आणखी. हा बघ मी." आणि पडद्यावर बोट ठेवतात. बोटाखाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका. आजूबाजूला तसेच हजार.

आई म्हणते, मागच्या वर्षी तर डावीकडच्या खांबाजवळ होता. काका म्हणतात, चालत होतो ना मी, मयतीत माणूस एका जागी उभा राहतो का?

कोळसा_आणि_खोडरबर

मी चाळीस वर्षं पोर्ट्रेट करतोय. तांदळाच्या दाण्याएवढा माणूस ओळखू येईल असा काढणं मला जमणार नाही.

निळी_पाटी

बर्फीताई, काकांना माझा नमस्कार सांगा.

सावल्या

काका = हिचकॉक. स्वतः दिसल्याशिवाय सिनेमा पूर्ण नाही.

मुठेकाठचा

संत्र्याची_बर्फी, हे वाचून मी आता आगाखान पॅलेसचे प्रसंग लावून बसलोय. आम्ही कुंपणाबाहेर होतो, त्यामुळे मी दिसणार नाहीच. पण त्या वायरी गुंडाळणाऱ्याची टोपी कुठे चुकून आली असेल तर बघतो.

रच्याकने, काकांनी ती मागून आणलेली टोपी परत केली का?

संत्र्याची_बर्फी

नाही ना! दोन्ही आमच्याकडेच आहेत. दिवाळीला सिनेमा लावताना एक घालून बसतात. दुसरी कुणाला घालू देत नाहीत.